गोळी तीच, घेण्याची वेळ निराळी

गोचीड हा आपल्या गोठ्यातला जुना शत्रू. गुरांचे रक्त पितो, दूध आटवितो, हे आपण जाणतोच. माणसालाही त्याच्यापासून रोग होतात. असाच एक रोग अमेरिकेत व युरोपात पुष्कळ आढळतो. त्याचे नाव लाईम. आपली मुलेबाळे आता न्यू जर्सी, कनेटिकट अशा भागांत नोकरीला आहेत, आणि हा रोग तेथे नित्याचा आहे. म्हणून त्याच्या औषधाविषयी चार गोष्टी येथे देत आहोत.

१९७५ च्या सुमारास कनेटिकट राज्यातील लाईम गावात बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले. आयांनी पाठपुरावा केला, तेव्हा डॉ. ॲलन स्टीअर यांनी तपास केला. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडांत या रोगाचे मळसूत्री जंतू सापडले. गोचीड चावलेल्या जागी काही दिवसांनी लाल चट्टा उठतो व पसरत जातो. त्याबरोबर ताप व अंगदुखी असते. वेळीच औषध न घेतल्यास सांधे, मज्जातंतू व हृदय यांनाही बाधा होऊ शकते.

मध्येच सोडलेले औषध

आमच्या परिचयाच्या एका मावशींची लेक न्यू जर्सीत असते. तिला हा रोग झाला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, अशी १० दिवस घ्यावयास सांगितली. पोरगी सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेई व त्यासोबतच रक्तवाढीची लोहाची गोळीही घेई. रात्रीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन ती लगेच आडवी होई. मळमळ, उलटी आणि छातीत जळजळ सुरू झाली. चौथ्या दिवशी तिने औषधच सोडले. मावशी काळजीत पडल्या. त्यांनी फोनवर बजावले, "आधी डॉक्टरांना विचार, मग काय ते ठरव."

डॉक्टरांनी मात्रा कमी केली नाही, फक्त वेळापत्रक बदलले. सकाळी सातला न्याहारीनंतर एक आणि संध्याकाळी सातला जेवणाबरोबर दुसरी. लोहाची गोळी तेवढे दिवस बंद. त्रास ओसरला आणि औषध पुरे झाले.

हे असे का?

ही गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तेथे जखम करते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व नंतर निदान अर्धा तास बसून किंवा चालत राहावे. निजण्याच्या वेळी घेऊ नये. पोटात अन्न असले की मळमळ कमी होते. मात्र दूध, कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या गोळ्या या औषधाला बांधून ठेवतात, मग ते अंगी पुरते लागत नाही. त्यांच्यात व या गोळीत दोन तासांहून अधिक अंतर ठेवावे. लोहाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारावे. या दिवसांत उन्हाने कातडी लवकर भाजते. शेतात जाताना टोपी व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

दोन गोळ्यांत साधारण १२ तासांचे अंतर असावे. घटका दोन घटका इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. एखादी चुकली तर आठवताच घ्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत. दोनाची एक करणे किंवा दिवसाआड घेणे हे आपल्या मनाने करू नये.

औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काहींचा ताप व अंगदुखी थोडी वाढते. जंतू मरताना असे होते आणि बहुधा दिवसभरात ओसरते. मात्र श्वास लागणे, चेहरा सुजणे, वारंवार पातळ जुलाब, गिळताना छातीत दुखणे, किंवा तीव्र डोकेदुखीसह अंधुक दिसणे, यांपैकी काही झाल्यास डॉक्टरांना त्वरित गाठावे. ही गोळी मुळीच सोसत नसेल तर अमॉक्सिसिलिनसारखी दुसरी औषधे आहेत. गरोदर स्त्रियांनाही बहुधा तेच देतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सांधे सुजले असतील तर २८ दिवस औषध देतात. पण थकवा राहिला म्हणून महिनोन्महिने गोळ्या घेत राहण्यात लाभ नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात असे लांबविलेले औषध बिनऔषधी गोळीहून सरस ठरले नाही.

आपल्याकडे गोचिडांपासून होणारा माकडताप निराळा. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात तो उद्भवला होता. तो विषाणूचा रोग असल्याने या गोळ्या त्यावर चालत नाहीत. तेव्हा रानातून आल्यावर ताप आला तर घरातली उरलेली गोळी न घेता दवाखाना गाठावा.

औषध सोसत नसेल तर ते सोडण्यापूर्वी डॉक्टरांना एक फोन करावा. कित्येकदा गोळी तीच राहते, फक्त घड्याळाचा काटा हलवावा लागतो.