कार्कासोन : दुहेरी तटाआडचे मध्ययुगीन नगर

दक्षिण फ्रान्समध्ये ओद नदीकाठच्या टेकडीवर वसलेले कार्कासोन हे सहकुटुंब पाहण्याजोगे नगर असून, सुमारे 3 किलोमीटर लांबीचा दुहेरी तट आणि 52 बुरूज यांमुळे मध्ययुगीन संरक्षणव्यवस्था तेथे मुलांनाही सहज उमगते. आतल्या तटाचा पाया रोमन काळातील आहे, तर बाहेरचा तट 13व्या शतकात फ्रेंच राजसत्तेने उभारला. या दोहोंमधील ‘लिस’ नावाच्या मोकळ्या पट्ट्यात शिरलेला शत्रू माऱ्याच्या टप्प्यात अडकत असे, आणि आज याच पट्ट्यातून पर्यटकांना निवांत फेरी मारता येते. 1659च्या पिरेनीज तहाने स्पेनची सीमा दक्षिणेकडे सरकल्यावर या दुर्गाचे लष्करी महत्त्व ओसरले, तट ढासळू लागले आणि 19व्या शतकात ते पाडण्याचा घाटही घातला गेला. मात्र स्थानिकांच्या विरोधामुळे तो बेत बारगळला व 1853पासून वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी जीर्णोद्धार हाती घेतला. त्यांनी बुरुजांवर चढवलेल्या पाटीच्या दगडाच्या निमुळत्या छपरांवर, ती उत्तर फ्रान्सच्या धाटणीची असल्याची टीका झाली, तरी 1997मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. लाल विटांच्या थरांवरून रोमन बांधकाम ओळखणे आणि त्यावरील पुढच्या शतकांची भर मुलांसह ताडून पाहणे, यातच या सहलीचा खरा लाभ आहे.