एआयची व्याख्यानं: ऐकीव आणि खरं

जळगाव, धुळे, शिरपूर या पट्ट्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रवेश-फलकावर हल्ली ‘एआय अँड एमएल’ किंवा ‘एआय अँड डेटा सायन्स’ असं काहीतरी झळकतं. शाखा आली की मागोमाग व्याख्यानमालाही येतात. शिवाय आयआयटी आणि आयआयएस्सीने 2003 मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलची व्याख्यानं मोबाइलवर फुकट आहेतच. तीही पुष्कळजण दीडपट वेगाने ऐकतात. ऐकायला हरकत नाही. गडबड होते ती या व्याख्यानांकडून काय मिळणार याच्या अपेक्षेत.

‘एआय म्हणजे चॅटजीपीटी, बाकी जुनं झालं’

चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. विषयाचं नामकरण मात्र जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी 1955 च्या एका प्रस्तावात केलं होतं आणि पुढच्याच वर्षी डार्टमथला त्यावर उन्हाळी बैठक झाली. भारतातही हे कालपरवाचं नाही. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा प्रकल्प सुरू केला होता आणि मुंबईच्या टीआयएफआर आणि एनसीएसटी या संस्था त्याच्या केंद्रांपैकी होत्या. आजच्या चॅटबॉटच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना 2017 च्या शोधनिबंधातली. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या पीआयसीटीत झालं.

हा इतिहास ठाऊक नसला की आयआयटी मद्रासचे दीपक खेमानी किंवा आयआयटी दिल्लीचे मौसम यांची व्याख्यानं लावल्यावर विद्यार्थी वैतागतात. खेमानींचा एक अख्खा अभ्यासक्रम ‘शोध’ या एकाच गोष्टीवर आहे, चॅटबॉटचं नाव नाही. पण तिथेच खरी गंमत असते. समजा, यंत्राला जळगावहून धुळ्याला जायची सर्वांत जवळची वाट शोधायची आहे. सगळे रस्ते तपासत बसलं तर ते भुसावळच्या दिशेनेही भटकेल. 1968 मध्ये मांडलेली ‘ए-स्टार’ पद्धत प्रत्येक गावापाशी दोन आकड्यांची बेरीज करते: इथवर कापलेलं अंतर आणि इथून धुळ्यापर्यंतचं नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर. भुसावळची बेरीज फुगते, एरंडोल-पारोळ्याची कमी राहते आणि यंत्र आपसूक योग्य दिशेला वळतं. सरळ रेषेतलं अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसतं, म्हणून सापडलेली वाट सर्वांत जवळचीच असते हे गणिताने सिद्ध करता येतं. ‘सिद्ध करता येतं’ हे महत्त्वाचं. चॅटबॉटच्या उत्तराबद्दल अशी हमी कुणी देत नाही.

‘प्रमाणपत्र मिळालं म्हणजे संशोधन आलं’

नाही. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रात साधारणपणे 25 गुण असाइनमेंटचे आणि 75 परीक्षाकेंद्रातल्या परीक्षेचे असतात. विषय समजला की नाही एवढंच ते सांगतं, आणि तेही कमी नाही. बारावीच्या गणितातले सदिश, सारणी आणि संभाव्यता धूळ झटकून पुन्हा काढावे लागतात. ‘कोडिंग येतं, गणित नको’ म्हणणारे बहुधा तिसऱ्या आठवड्यात गळतात.

‘99 टक्के अचूक आहे सर!’

कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनांत हमखास दिसणारा एक प्रकल्प म्हणजे पानाचा फोटो काढा, रोग ओळखा. त्याच्या मागे बहुतेकदा ‘प्लांटव्हिलेज’ हा फोटोसंग्रह असतो. 2016 मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे या संशोधकांनी त्यातल्या 54,306 फोटोंवर यंत्राला शिकवलं: 14 पिकं, 26 रोग, अचूकता 99.35 टक्के. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच निबंधात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इतर ठिकाणचे फोटो दिल्यावर अचूकता जेमतेम 31 टक्क्यांवर आली. कारण साधं आहे. संग्रहातले फोटो एकेक पान खुडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. शेतात ऊन असतं, सावली असते, पानावर पान असतं, माती असते. हे आपणहून लिहिणाऱ्या लेखकांचा प्रामाणिकपणा मला त्या 99 पेक्षा मोठा वाटतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्या 14 पिकांत टोमॅटो, बटाटा, मका, द्राक्ष, सफरचंद आहे. केळी नाही, कपाशीही नाही. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, तिथले विद्यार्थी सफरचंदाच्या पानांवर यंत्र शिकवून पैकीच्या पैकी गुण घेतात!

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला धास्ती असते ती करप्याची आणि सीएमव्ही या विषाणूची. सीएमव्हीला औषध नाही. मावा तो पसरवतो आणि बाधित झाड उपटून नष्ट करणं हाच उपाय. इथे ‘अचूकता’ हा शब्दच फसवा ठरतो. हजार झाडांत दहा बाधित असतील, तर सगळ्या झाडांना डोळे मिटून ‘निरोगी’ म्हणणारं यंत्रही 99 टक्के अचूक असतं आणि शेतकऱ्याच्या शून्य उपयोगाचं. शिवाय दोन चुकांची किंमत सारखी नाही. निरोगी झाड उपटलं तर एक घड गेला, बाधित सुटलं तर शेजारची रांग धोक्यात. त्यामुळे व्याख्यानात ‘प्रिसिजन’ आणि ‘रिकॉल’ हे शब्द आले की झोपू नये. यंत्राने बाधित म्हटलेल्यांपैकी खरोखर किती बाधित निघाले आणि खरोखर बाधित असलेल्यांपैकी यंत्राने किती पकडले, हेच दोन प्रश्न त्यांत असतात.

कपाशीचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने गुलाबी बोंडअळीसाठी प्रश्नच बदलला. पानावरून रोग ओळखण्याऐवजी कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढायचा आणि यंत्राने ते मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग आले तर उपाय करा, ही शिफारस कृषी विभागाची जुनीच. यंत्राकडे फक्त मोजणी दिली. प्रश्न इतका नेमका केला की उत्तर शेतात तपासता येतं. कीटकशास्त्र जाणणारा माणूस सोबत असल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही.

‘त्याला मोठ्या मशीन लागतात, आपलं काम नव्हे’

चॅटजीपीटीसारखं मॉडेल मुळापासून घडवायला लागतात, हे खरं. पण संशोधन म्हणजे तेवढंच नाही. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या सहभागातून चाललेल्या एलथ्रीक्यूब या गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्वीट्सवर भावनेच्या खुणा करून संग्रह खुला केला आणि पुढे मराठीसाठी स्वतंत्र मॉडेलंही दिली. खुणा करणं म्हणजे बसून एकेक ट्वीट वाचणं. त्याला मशीन कमी आणि चिकाटी जास्त लागते. शिकण्यापुरती संगणकशक्ती गूगल कोलॅबवर फुकट मिळते.

‘यंत्राला मराठी येते, मग आपली बोलीही येईल’

इथे खानदेशाचा सर्वांत मोठा भ्रम आहे. 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या सदरात, ज्यात अहिराणी मुख्य, सुमारे 18 लाख 60 हजार लोकांची नोंद झाली. घरी अहिराणी बोलून कागदावर मराठी सांगणारे वेगळेच. बोडो भाषकांची संख्या त्याच जनगणनेत सुमारे 14 लाख 80 हजार, म्हणजे कमीच. तरी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने 2023 मध्ये दिलेल्या इंडिकट्रान्स-2 या भाषांतरप्रणालीत बोडो आहे, अहिराणी नाही. ती प्रणाली आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांसाठी बनली आणि अहिराणी त्या यादीत नाही. यंत्राच्या ‘बुद्धी’चा यात काही संबंध नाही.

यंत्राला मिळतं ते लिहिलेलं किंवा ध्वनिमुद्रित केलेलं. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये ज्यांचं नाव दिलं गेलं त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची लेवा बोलीतली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून 1952 मध्ये पुस्तक झालं. उतरवून घेतली नसती तर ती ना आपल्याला मिळाली असती, ना कुठल्या यंत्राला. आज बंगळुरूच्या आयआयएस्सीचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांना चित्रं दाखवून त्यांच्या बोलीत बोलायला लावतो आणि ते मुद्रित करतो. असं काम इथेही छोट्या प्रमाणावर करता येईल, पण मुद्रण हा सोपा भाग. ऐकून लिहायचं म्हटलं की पहिल्याच वाक्याला अडतं: अहिराणीची लेखनपद्धत सर्वमान्य नाही. एकच उच्चार चौघांनी चार तऱ्हांनी लिहिला तर यंत्राला ते चार वेगळे शब्द वाटतात. धुळ्याकडची अहिराणी आणि तापीकाठची तावडी एकत्र ठेवायची की वेगळी, बोलणाऱ्यांची संमती कशी घ्यायची, आजीने मुलाखतीत सांगितलेली घरातली भानगड संग्रहात ठेवायची का, हे सगळं आधी ठरावं लागतं. संगणक विभागाच्या व्याख्यानमालेला मराठी विभागातले लोक सहसा बोलावले जात नाहीत. हे प्रश्न मात्र त्यांच्याच टेबलावरचे आहेत.