हवेचा दाब आणि पाऊणकी

एका वैशाखात धामणगाव बढ्याचे एक शिक्षक घाट चढून बुलढाण्यास माझ्याकडे आले. काखोटीला शाळेच्या कपाटातला जुना वायुभारमापक. तबकडीवर इंचांचे आकडे आणि त्यांच्यापाशी शब्द: 28 पाशी ‘तुफान’, 29 पाशी ‘पाऊस’, 30 पाशी ‘निरभ्र’. बाहेर ऊन रणरणत होते, आणि गावी काटा म्हणे पावसाच्याही खाली! घाटावर येताच तो 27.6 वर, तुफानाच्याही पलीकडे उतरला. “सर, हवामानवाले 1006 मिलिबार सांगतात. यंत्र बिघडलं काय?”

आधी आकडे एका मापात आणू. हवा आपल्या भाराने पाऱ्याचा जेवढा स्तंभ तोलून धरते, त्याची उंची म्हणजे हे इंच. 27.6 ला 25.4 ने गुणा. 701 मिलिमीटर झाले. त्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा. सुमारे 935 मिलिबार. उलट जायचे तर आजोबांची पाऊणकी कामी येते: मिलिबारची पाऊणपट केली की मिलिमीटर. 1000 चे 750. वेधशाळा हल्ली हेक्टोपास्कल लिहिते, पण तो मिलिबारच. नाव तेवढे नवे.

हिशेब बिनचूक, तरी 935 आणि 1006 जुळेनात. समुद्रकाठी 935 म्हणजे हाहाकारच. 1999 साली ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्रातला दाब 912 पर्यंत उतरला होता. इथे तर झाडाचे पान हलत नव्हते.

खोच उंचीत आहे. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होते. आपल्याकडे साधारण नऊ मीटर चढलो की एक मिलिबार उतरतो. बुलढाणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर, म्हणजे 72 मिलिबार घाटानेच खाल्ले. 935 मध्ये ते मिळवा, 1007 येतात. हवामानवाले ही भर घालूनच आकडा सांगतात, नाहीतर मुंबईची आणि बुलढाण्याची तुलना कशी व्हावी? तबकडीवरचे शब्दही समुद्रकाठच्या माणसांनी आपल्यापुरते छापलेले.

गुरुजींनी लगेच यंत्राच्या पाठीमागचा बारीक स्क्रू फिरवायला घेतला. मी म्हटले, “इथे नको. गावी जा, वारा पडलेला दिवस बघा, जवळच्या वेधशाळेचा त्या वेळचा आकडा घ्या, त्याचे इंच करा आणि मग काटा तिथे आणा. इथे लावाल तर घाट उतरल्यावर पुन्हा चुकेल.”