कासवाच्या पायाखालची माती : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात मुलांच्या हट्टापायी जमिनीवरचे कासव येते, तेव्हा त्याच्यासाठी एक पेटी, एक दिवा, पाण्याची एक ताटली आणि पेटीच्या तळाशी पसरण्यासाठी काहीतरी, असा सरंजाम दुकानातून येतो. आणि पहिल्या तीन वस्तूंची जेवढी चौकशी होते तिच्या दशांशानेही चौथीची होत नाही. वस्तुतः अहोरात्र कासवाचे पोट ज्याला टेकलेले असते, ज्यात ते उकरते, निजते आणि ज्याच्या पृष्ठभागालगतची हवा श्वासावाटे घेते, तो हा तळाचा थरच होय. त्याची निवड मात्र बहुतेक ठिकाणी ऐकीव माहितीवर आणि पिशवीवरच्या चित्रावर होते.

पुढे जाण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा करणे जरूर आहे. आपल्याकडचे तारा कासव १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली संरक्षित असून २०२२ च्या दुरुस्तीने त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ते २०१९ पासून आहे. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते या समजुतीने ते चोरून विकत घेणाऱ्यांसाठी कोणता थर चांगला हा प्रश्नच उद्भवत नाही. ते वनखात्याच्या हवाली करावे, एवढेच त्यांना सांगता येईल. येथील विवेचन परदेशात कायदेशीररीत्या पाळल्या जाणाऱ्या हॉर्सफील्ड, हर्मन, ग्रीक किंवा आफ्रिकेतील सुल्काटा यांसारख्या कासवांपुरते आहे.

सर्वांत रूढ गैरसमज वाळूचा. कासव हा रुक्ष प्रदेशातला प्राणी, रुक्ष प्रदेश म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे वाळू, सबब कासवाला कोरडी वाळू घालावी, अशी ही अनुमानांची साखळी असून तिची एकही कडी धड नाही. हॉर्सफील्ड कासवच घ्या. (याच जातीची दोन कासवे सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत रशियाच्या झोंद-५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परतली, तेव्हा त्यांच्या सोशिकपणाविषयी कोणी शंका घेऊ नये.) कझाकस्तानपासून अफगाणिस्तानापर्यंतच्या ज्या माळरानांत ते राहते तेथील जमीन पुष्कळ ठिकाणी चिकणमातीची व घट्ट असते, उन्हाळ्यात ती वरून भाजून निघते हे खरे, परंतु त्या वेळी कासव वर नसतेच. वर्षातले थोडे महिने ते उघड्यावर वावरते आणि उरलेला काळ स्वतः खोदलेल्या बिळात काढते, व वर गवत करपून गेलेले असतानाही त्या बिळाच्या तळाशी ओल टिकून राहिलेली असते. सहाराच्या दक्षिण सीमेवरच्या सुल्काटाची कथाही निराळी नाही; पावसाचे तोंड क्वचित पाहणाऱ्या त्या मुलखात ते टिकून आहे ते कित्येक फूट खोल बिळांच्या आश्रयाने. म्हणजे प्रवाशाला वरून दिसणारे हवामान आणि कासव प्रत्यक्ष भोगते ते हवामान या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपण पेटीत नक्कल करतो ती नेमकी पहिलीची.

पेटीतल्या कोरड्या वाळूत बीळ उभे राहत नाही, ओल टिकत नाही, आणि दिव्याखाली तापलेली तिची धूळ डोळ्यांत जाते. 'पचणारी' म्हणून खपवली जाणारी कॅल्शियमची रंगीत वाळू तर निखालस टाळावी, कारण ती पचण्याऐवजी ओलाव्याने तिचे गोळे होतात आणि तिला खाद्य समजण्याचा मोह कासवाला अधिक पडतो. वाळूला मुळीच मज्जाव आहे असे मात्र नव्हे. खत व कीटकनाशक न घातलेली साधी माती तीन भाग आणि धुतलेली, मुलांच्या खेळण्याची गोल कणांची वाळू एक-दोन भाग, हे मिश्रण भूमध्य सागराकाठच्या व मध्य आशियाई जातींना उत्तम मानवते. बांधकामाची धारदार रेती तेवढी त्यात नको. कुंड्यांसाठी मिळणाऱ्या तयार मातीत पर्लाइटचे पांढरे दाणे असतात, तेही कासव वेचून खाते.

दुसरा गैरसमज पहिल्याचाच सख्खा भाऊ : ओल म्हणजे रोग. याचे उत्तर कासवाच्या पाठीवरच वाचायला मिळते. बंदिवासात वाढलेल्या पुष्कळ कासवांच्या कवचाचा एकेक खवला सपाट न राहता पिरॅमिडसारखा उंच उठतो, आणि त्याचे खापर दीर्घकाळ खाद्यातील प्रथिनांवर फोडले जात असे. व्हिएन्ना येथील वीझनर आणि इबेन या संशोधकांनी सुल्काटाची ५० पिल्ले निरनिराळ्या आर्द्रतेत आणि प्रथिनांच्या निरनिराळ्या प्रमाणांवर पाच महिने वाढवली व २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत प्रथिनांचा परिणाम अल्प आणि कोरड्या हवेचा परिणाम ठळक असल्याचे दिसून आले. प्रथिनांचा अतिरेक अन्य कारणांनी अहितकर आहेच, परंतु केवळ आहारावर कडक बंदोबस्त ठेवून पिल्लू कोरड्या भुशावर वाढवणाऱ्याला पाठ गुळगुळीत राहण्याची आशा धरता येणार नाही.

या गैरसमजात सत्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. थंड आणि दमट अशी जोड जमली की श्वसनमार्गाचे विकार होतात, आणि पोटाखालचे कवच सतत चिखलात राहिले तर ते कुजते. गुन्हा ओलीचा एकटीचा नसून तिच्या सोबत्यांचा आहे. म्हणून थर वर कोरडा व आत ओलसर ठेवावा. वरून फवारे मारण्यापेक्षा पेटीच्या कोपऱ्यांतून पाणी सोडले म्हणजे ते तळाशी उतरते आणि दिव्याच्या उबेने सावकाश वर येत राहते. पाणी किती घालावे यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. आतली माती मूठभर घेऊन दाबावी : लाडवासारखी वळली आणि बोटांतून थेंब गळला नाही, तर ओल बेताची आहे; भुरभुरली तर पाणी हवे, गळली तर दोन दिवस थांबायला हवे. पेटीखाली तापणारी गादी ठेवण्याची तजवीज काही जण करतात, तीही गैर आहे. निसर्गात ऊब वरून, सूर्याकडून येते आणि तापलेले कासव गारव्यासाठी खाली जाते. खालीच जाळ असला तर त्या बिचाऱ्याने जावे कोठे? शिवाय त्यामुळे थर तळापासून सुकतो आणि पोटावर भाजते ते निराळेच.

तिसरी तक्रार पोटाची. माती खाल्ली की आतडे तुंबते, सबब कागद किंवा कृत्रिम हिरवळीचा गालिचा बरा, असे सांगितले जाते. रानातली कासवे अधूनमधून माती आणि खडे खातात, आणि ते निर्वेधपणे बाहेरही पडतात. आतडे तुंबण्याच्या बऱ्याचशा प्रकरणांत पाण्याची कमतरता, अपुरी ऊब किंवा खाद्यातील तंतूंचा अभाव हे मूळ दुखणे असते. आणि कासव हेतुपुरस्सर माती गिळू लागले, तर त्याला कॅल्शियम कमी पडते आहे काय, हे आधी पाहावे. खाद्य थरावर न टाकता खडबडीत पाटीच्या दगडावर ठेवले की कण तोंडात जात नाहीत, आणि चोच घासून निघते हा वरकड लाभ. खरा धोका आहे तो मक्याच्या कणसांच्या चुऱ्याचा आणि अक्रोडाच्या कवचांच्या धारदार तुकड्यांचा. गालिच्याबद्दल एवढेच सांगतो की त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात आणि त्यात घाण जेवढी साचते तेवढी मातीत साचत नाही.

माती अस्वच्छ, कागद निर्मळ, हा विचार सॅल्मोनेला जंतूच्या भयातून आलेला आहे. भय निराधार नाही. चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यावर अमेरिकेत १९७५ पासून बंदी आहे ती याच जंतूमुळे, कारण लहान मुले ती तोंडात घालीत. परंतु हा जंतू कासवाच्या आतड्यात वास करतो, आणि तळाशी माती असो वा वर्तमानपत्र, कासव हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची जबाबदारी टळत नाही.

लाकडी भुसा नैसर्गिक, म्हणून निर्धोक, या समजाला थोडक्यात निकालात काढता येते. देवदार वर्गातील लाकडाच्या भुशाला जो सुवास येतो तो उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो, आणि बंदिस्त पेटीत तीच द्रव्ये फुप्फुसांना जाचतात. चीडाचा ताजा भुसाही याच कारणाने वर्ज्य. ससे-घोड्यांच्या लसूणघासाच्या गोळ्या कोरड्या असतात तोवरच ठीक, पाणी लागले की त्यांवर बुरशी धरते. आपल्या ओळखीचा नारळाच्या काथ्याचा भुसा, जो भारतातून आणि श्रीलंकेतून दाबलेल्या विटांच्या रूपाने परदेशी जातो आणि पाण्यात टाकताच फुगून कित्येक पट होतो, तो ओल धरून ठेवण्यात वाकबगार आहे. दमट अरण्यातल्या लाल पायांच्या कासवाला तर तो विशेष सोयीचा. तो धुऊन घ्यावा, कारण त्यात मिठाचा अंश असू शकतो. आणि एकट्याने न वापरता मातीत मिसळावा, कारण तो सुकला की त्याची पूड डोळ्यांना व अन्नाला चिकटते.

थराची खोली हा प्रश्न बहुतेकांच्या मनातही येत नाही. इंग्लंडमधील निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी आपल्या आत्याचे कासव १७८० मध्ये सेलबोर्न येथे आणले आणि ते हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीत स्वतःला कसे पुरून घेते याच्या सूक्ष्म नोंदी ठेवल्या. (त्याचे नाव टिमथी, आणि ती मादी होती हे पुष्कळ उशिरा कळले, तिचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.) त्या नोंदी वाचणाऱ्याला दोन बोटे जाडीचा थर अन्यायाचा वाटल्यावाचून राहत नाही. पिल्लाला पाच ते आठ सेंटिमीटर, वाढलेल्या हॉर्सफील्डला किमान पंधरा, आणि साधल्यास संपूर्ण अंग झाकले जाईल इतका थर असावा. तेवढ्या ओझ्याला काचेच्या नाजूक पेटीपेक्षा लाकडाची उघडी, आतून पाणी न झिरपणारी पेटी अधिक टिकते. विष्ठा रोज काढावी, वरचा थर दर काही आठवड्यांनी आणि सगळी माती काही महिन्यांनी बदलावी.

वर्तमानपत्राला एका प्रसंगी मात्र स्थान आहे. नवे कासव घरी आले किंवा असलेले आजारी पडले, तर काही आठवडे ते कागदावरच ठेवावे, म्हणजे विष्ठेतील जंत आणि लघवीतील पांढरा अंश पशुवैद्याला स्पष्ट दिसतो. त्या मुदतीत त्याला रोज कोमट, उथळ पाण्यात बसवावे, कारण कागद त्याला ओल देणार नाही.