यादीला प्रश्न विचारणारी भाषा

रक्तगट ओ निगेटिव्ह, राहणार बालाघाट किंवा वारासिवनी, आणि गेल्या ९० दिवसांत रक्तदान केलेले नाही. अशी माणसे मंडळाच्या यादीतून किती वेळात सापडतील? वही चाळायची तर बराच वेळ जाईल. यादी संगणकावर असेल आणि एसक्यूएल येत असेल, तर एक वाक्य पुरे.

शाळेत संच शिकताना संयोग आणि छेद मला परीक्षेपुरतेच वाटायचे. ही भाषा त्याच गणितावर उभी आहे. माहिती टेबलांत, म्हणजे संचांच्या रूपात ठेवावी, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी भाषा सादर केली. तिचे पहिले नाव सीक्वेल. बहुतेक भाषांत एकेक नोंद कशी तपासायची ते पायरीपायरीने सांगावे लागते. इथे काय हवे तेवढेच सांगायचे. माहितीचे कोठारही सोबतच असते. आपल्या मोबाइलमध्येसुद्धा एसक्यूलाइट नावाचे असे कोठार काम करत असते.

बालाघाट-वारासिवनीकरांचा एक संच, ओ निगेटिव्हवाल्यांचा दुसरा. दोघांचा छेद घ्यायचा आणि त्यातून अलीकडे रक्त दिलेले वजा करायचे.

मात्र इथे एक खाच आहे. ‘शेवटचे रक्तदान ९० दिवसांपूर्वीचे’ असे विचारले, तर ज्याने कधीच रक्त दिले नाही त्याचा तारखेचा रकाना रिकामा असतो. रिकाम्या रकान्याबद्दल एसक्यूएल ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. ‘माहीत नाही’ असे धरून ते नाव मुकाट्याने गाळते. म्हणजे पहिल्यांदा रक्त द्यायला तयार असलेली १८-२० वर्षांची मुलेमुली यादीत असूनही उत्तरात येत नाहीत. ओ निगेटिव्ह रुग्णाला तर ओ निगेटिव्हच रक्त लागते. तिथे एकेक नाव मोलाचे.

त्यावर उपाय सोपा आहे. ‘किंवा तारीख रिकामी’ एवढे वाक्यात जोडायचे. स्त्रियांसाठी ९० ऐवजी १२० दिवस धरायचे.

पण रक्तगटाचाच रकाना रिकामा असेल, तर कोणतेही वाक्य कामाचे नाही. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मंडळाचा फॉर्म आला की तो रकाना भरा. शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेला असाल, तर गावाचे नावही बदला.