लक्षावधी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाठाची एकरूपता

एकच अभ्यासक्रम लक्षावधी शिक्षकांपर्यंत पोहोचविताना तो वाटेत पालटू नये, हा शिक्षणव्यवस्थेपुढील जुना प्रश्न होय. रूढ पद्धत पायरीपायरीची. राज्याचा प्रशिक्षक जिल्ह्याच्या प्रशिक्षकास शिकवितो, जिल्ह्याचा तालुक्याच्या, आणि अखेरीस दोन-चार दिवसांच्या वर्गात तो विषय प्रत्यक्ष शिक्षकाच्या कानी पडतो. प्रत्येक पायरीवर काही गळते, काही पदरचे मिसळते. त्याची झळ जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलास बसते. शिकवणी लावण्याची ऐपत त्याच्या घरी नसते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले याच शाळांत शिकतात.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हा उपक्रम आरंभिला, तो प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लक्ष शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी. प्रारंभी प्रशिक्षण समोरासमोर होते. कोरोनाच्या साथीमुळे ते थांबले आणि ऑक्टोबर २०२० पासून 'दीक्षा' या संगणकीय मंचावर १८ घटकांच्या रूपाने ऑनलाइन सुरू झाले. वाचनसाहित्य, चित्रफिती, स्वाध्याय, शेवटी चाचणी. मधल्या पायऱ्या गळाल्या. गडचिरोलीच्या शिक्षकास जो पाठ, तोच मुंबईच्या शिक्षकास. हा लाभ लहान नाही.

परंतु पाठ एक असला म्हणजे आकलनही एक झाले काय? पालीच्या अभ्यासकाला येथे भाणकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात तिपिटक ग्रंथबद्ध झाले. तोवर ते भाणकांच्या मुखी होते. त्यांची भिस्त केवळ एकेकाच्या स्मरणशक्तीवर नव्हती. संगायन म्हणजे एकत्र म्हणणे. एकाचा शब्द चुकला की शेजाऱ्याच्या कानास तो खटकतो. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसही हेच सांगतात. वचन कोणाच्याही नावाने ऐकलेले असो, ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारू नये, सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. म्हणजे स्थिर पाठ हवा आणि ताडून पाहणारे सोबतीही हवेत.

ऑनलाइन प्रशिक्षण यातील पहिली गोष्ट उत्तम साधते. दुसरी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. चित्रफीत चालू ठेवून शालेय पोषण आहाराचा हिशेब लिहिणाऱ्यासही प्रमाणपत्र मिळू शकते. (त्याला दोष तरी किती द्यावा? हिशेबही त्यालाच द्यायचा असतो.)

आपल्या राज्यात केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तेथे परिपत्रकांचे वाचन थोडे आटोपते घ्यावे आणि घटक पूर्ण केलेल्या एका शिक्षकाने सहकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष पाठ घ्यावा. इतरांनी तो मूळ घटकाशी ताडून पाहावा. शालेय मूल्यमापनाचाच घटक घ्या. तो पाहून एक शिक्षक मुलाच्या चुकीचे कारण शोधू लागतो, दुसरा आणखी एक नोंदवही आखतो. चाचणीत दोघांनाही सारखेच गुण पडलेले असू शकतात. फरक उघड होतो तो फळ्यासमोर, सहकाऱ्यांच्या देखत.