एका किलोमीटरचा हिशेब

तुमची शाळा घरापासून एक किलोमीटरवर आहे असे समजा. तेथवर जाण्यास किती ऊर्जा लागेल?

साठ किलोग्रॅम वजनाचा माणूस एवढे चालताना सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा खर्च करतो. एका पोळीतून याहून थोडी अधिकच ऊर्जा मिळते. आता मोटार घ्या. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे ३.३ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार एका किलोमीटरला २२ लाख ज्यूल खाते, जवळजवळ नऊपट! कारण उघड आहे. साठ किलोग्रॅमच्या माणसाबरोबर हजार किलोग्रॅमचे धूडही हलवावे लागते. शिवाय इंजिनातील बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

मग सर्वांनी चालावे म्हणजे झाले का? तसे नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हेच पाहा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले हे गाव पायी चालणाऱ्यांचे होते. पैठण गेटहून गुलमंडीला आजही काही मिनिटांत चालत जाता येते. १९७० नंतर सिडकोची नवी वस्ती उभी राहिली, वाळूजला कारखाने आले. वाळूज सुमारे १५ किलोमीटर दूर. चालत तीन तास! तेथे वाहन हवेच. पण लिटरभर डिझेलवर (३.६ कोटी ज्यूल) ४ किलोमीटर जाणाऱ्या बसमध्ये ४० प्रवासी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला किलोमीटरमागे सव्वादोन लाख ज्यूलच येतात. म्हणजे चालण्याइतकेच!

जवळच्या अंतराची अडचण मात्र निराळी आहे. रस्ता ३० मीटर रुंद आणि सिग्नल २५ सेकंदांचा असेल, तर सेकंदाला १.२ मीटर चालणारे तुम्ही वेळेत पलीकडे पोहोचाल. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी आजी २० मीटरवरच अडकेल. मग ती समोरच्या दवाखान्यातही रिक्षाने जाते. वाहने वाढली की रस्ता रुंद करतात, आणि तो ओलांडणे आणखी कठीण होते.

हे चक्र तुमच्या गावात कोठे फिरते? करून पाहा : शाळेजवळचा रस्ता पावलांनी मोजा, सिग्नलचा वेळ घड्याळावर टिपा आणि आजीला पुरेल का, याचे गणित मांडा. उत्तर ‘नाही’ आले, तर ते गणित वर्गशिक्षकांच्या सहीनिशी महानगरपालिकेकडे पाठवा.